आईच्या गुडघ्यातलं ‘ग्रीस संपलंय’ म्हणे. म्हणजे नक्की काय संपलंय?

साबुदाणा_खिचडी:
नमस्कार मंडळी. आईचा (वय ६८) उजवा गुडघा दिवाळीपासून दुखून राहिलाय. आम्ही लोकमान्य नगरात वरच्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, आणि चढताना ती कशीबशी चढते पण उतरताना कठड्याला धरून एकेक सीढी, मधे थांबून, खाली पोचेपर्यंत भाजीवाला पुढच्या गल्लीत गेलेला असतो. शेवटी काल नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरला, दोन सेकंद बघितला, ‘ग्रीस संपलंय, गॅप कमी झालीय, वय झालं’ म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक. आता आई सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगतेय की माझं ग्रीस संपलं. मामा म्हणतो मेथी, आत्या म्हणते नारळपाणी, शेजारच्या काकूंनी कसलंसं तेल आणून दिलं. मला उपाय नकोत, म्हणजे हवेत पण नंतर. आधी कुणीतरी सांगा की गुडघ्याच्या आत असतं तरी काय, ते ग्रीस कुठे असतं, कोण भरतं आणि संपतं म्हणजे जातं कुठे? रात्री गुडघ्याखाली जाड उशी घेतली की तिला बरं वाटतं, तशीच झोपते, एवढी एक माहिती अजून.

भिया_४५२००१:
सीढी नाही हो, पायरी. बाकी आमच्या घरात सगळ्यांची अक्कलच गुडघ्यात, त्यामुळे तिथलं ग्रीस संपलं तर काय होईल ही काळजी मलाही आहे.

साबुदाणा_खिचडी:
भिया, इंदुरात जन्म गेला, सीढीच म्हणणार. विषयावर या.

निवृत्त_फिटर:
मी मिलमधे फिटर होतो, आयुष्य बेअरिंगांत गेलं. बेअरिंगला ग्रीस आपण गनने भरतो, त्यासाठी बाहेर निप्पल असतं. माणसाच्या गुडघ्याला निप्पल मी तरी बघितलेलं नाही. माझ्या मते गुडघा म्हणजे दाराची बिजागरी. एकाच दिशेनं उघड-बंद. बिजागरी कुरकुरली की तेल, संपला विषय. चुकत असेन तर सांगा.

फिजिओताई:
काका, निप्पल नाही पण पंप आहे, आणि तो पंप म्हणजे आपलं चालणं. (बिजागरीचं नंतर बघते, तिथे तुम्ही जास्त चुकलायत.)

गुडघ्याभोवती एक बंद पिशवी असते, तिच्या आतलं पातळ अस्तर वंगण पाझरवतं. धडधाकट गुडघ्यात ते असतं किती, तर चमचाभरसुद्धा नाही, तीन-चार मिली. दिसायला अंड्यातल्या पांढऱ्यासारखं, तार सुटणारं. आता ऐका, सांधा झिजतो तेव्हा हे वंगण संपत नाही, बरेचदा उलट वाढतं, ‘गुडघ्यात पाणी झालं’ म्हणतात ना ते हेच. फक्त पातळ होतं, तार जाते. त्यामुळे ‘ग्रीस संपलं’ हे वाक्य मला अजिबात आवडत नाही, पेशंट घाबरून हलायचाच बंद होतो.

झिजते ती कुर्चा, म्हणजे कार्टिलेज. मांडीच्या हाडाचं खालचं टोक, नडगीच्या हाडाचा सपाट माथा आणि वाटीची आतली बाजू, या तिन्हींवर तिचा काही मिलिमीटर जाडीचा थर असतो. बर्फावर बर्फ घासला तरी त्यापेक्षा कमी घर्षण इथे होतं. तिला ना रक्तवाहिनी ना नस. मग ती जगते कशी, तर पाय टेकवला, वजन पडलं की स्पंजसारखी दाबली जाते, पाय उचलला की वंगण शोषून घेते, तेच तिचं जेवण. दिवसभर खुर्चीत बसलेल्याची कुर्चा उपाशी असते. आणि नस नसल्यामुळे झिजताना ती ओरडत नाही, दुखतं ते तिच्या खालचं हाड आणि ते अस्तर, तोपर्यंत बरीच झीज झालेली असते.

एक्स-रेमधे कुर्चा दिसतच नाही. दोन हाडांमधली काळी फट म्हणजे कुर्चेची आणि गाद्यांची जागा. बऱ्याच जणांची आतल्या बाजूची फट आधी कमी होते, कारण चालताना जास्त भार तिकडे येतो, आणि मग पाय धनुष्यासारखे बाकतात. आईचा एक्स-रे उभं करून काढला की झोपवून? झोपवून काढला तर सांध्यावर वजनच नसतं, फट आहे त्यापेक्षा मोठी दिसते.

साबुदाणा_खिचडी:
उभं करूनच. आई पडेल म्हणून मी दंड धरून उभी होते तर मला खोलीबाहेर काढलं. बरं, ‘गाद्या’ म्हणजे काय? हे तर कुणीच सांगितलं नव्हतं.

तांबडा_रस्सा:
गाद्या मी डोळ्यांनी बघितल्यात, हसू नका. मागच्या होळीला बकऱ्याची अख्खी रान, म्हणजे मांडी, आणली होती, साफ करताना मुलगी म्हणाली बाबा याचा गुडघा कुठाय, सायन्सला आहे ती. आधी एक सांगतो, पाया सूपमधे गुडघा नसतो, तो पायाचा खालचा भाग. आणि बकऱ्याच्या मागच्या पायात उलटा वाकलेला जो ‘गुडघा’ आपल्याला दिसतो तो खरा त्याचा घोटा, असली गुडघा वर, पोटाला चिकटून. तो जोड आम्ही सुरीनं उघडला. आत चमक अशी की ट्यूबलाईट दिसत होती त्यात, निळसर पांढरी, बोट टेकवलं की सटकतं. दोन हाडांच्या मधे दोन पांढऱ्या चकत्या, पूर्ण गोल नाही, चंद्रकोरीसारख्या, बाहेरची कड जाड आणि आतली कागदासारखी. आणि बरोब्बर मधे दोन दोऱ्या, एकमेकींवरून तिरप्या गेलेल्या. एक कापली तर खालचं हाड लगेच पुढे सरकायला लागलं. मुलगी उड्या मारत होती. बायकोनी दोघांना ओट्यापासून हाकललं.

फिजिओताई:
रस्साभाऊ, आमच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना इतकं नीट सांगता येत नाही.

त्या चकत्या म्हणजेच गाद्या, मेनिस्कस. मांडीच्या हाडाचं टोक गोल, नडगीचा माथा जवळपास सपाट. सपाट पाटावर गोटी ठेवली तर टेकते किती, टिकलीएवढी. सगळं वजन त्या टिकलीएवढ्या जागेवर आलं तर कुर्चा किती दिवस टिकेल? म्हणून कडेनं या दोन पाचरी. वजन पसरवतात. आतली गादी बाजूच्या अस्थिबंधाला, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्याला, चिकटलेली, तिला फारसं सरकता येत नाही म्हणून तीच जास्त फाटते, बाहेरची मोकळी असते. रक्तपुरवठा फक्त बाहेरच्या कडेला, त्यामुळे कडेला फाटली तर सांधते, आतल्या भागात फाटली तर सहसा नाही.

पूर्वी गादी फाटली की सरळ काढून टाकायचे, बिनकामाचा अवयव समजून. १९४८ मधे फेअरबँक नावाच्या इंग्रज डॉक्टरनी गाद्या काढलेल्यांचे एक्स-रे बघून दाखवलं की त्याच बाजूची फट कमी होते, हाड चपटं होतं. तरी सवय जायला पुढे बरीच वर्षं गेली. आता शक्य तेवढी गादी वाचवतात.

आणि त्या तिरप्या दोऱ्या. पुढची नडगीला पुढे सरकू देत नाही, मागची मागे सरकू देत नाही. बाहेरून दोन्ही बाजूंना आणखी एकेक पट्टा, गुडघा आडवा झुकू नये म्हणून. तुम्ही कापलीत ती पुढची.

खोखोवाला:
ती पुढची दोरी माझी तुटलीय म्हणून बोलतो. एसीएल म्हणतात तिला. कुणी धक्का दिला नव्हता, काही नाही. खांबाला वळसा घालताना पाय रोवलेला आणि अंग वळलं, आतून ‘टॉक’ असा आवाज, मैदानाबाहेरच्या मित्राला ऐकू आला. संध्याकाळपर्यंत गुडघा कवठाएवढा. नंतर सूज गेली, सरळ चालायला काही त्रास नाही, मी म्हटलं बरा झालो. मग एकदा छप्पन दुकानवर बाईकवरून उतरताना पाय जो दगा देऊन गेला, हातातला जॉनी हॉटडॉग शेजारच्याच्या शर्टावर. एवढी महत्त्वाची वस्तू आणि मापं काय, तर लांबी सव्वा इंच, जाडी करंगळीएवढी.

फिजिओताई:
ती आपली आपण का जुळत नाही तर ती त्या वंगणाच्या पिशवीच्या मधोमध असते, तुटलेल्या टोकांमधे रक्ताची गाठ टिकतच नाही. बाजूचा आतला पट्टा फाटला तर बहुतेक वेळा गुडघ्याला ब्रेस बांधून भरून येतो. पळणाऱ्या-उड्या मारणाऱ्या खेळांत मुलींची ही दोरी मुलांपेक्षा जास्त तुटते, तेव्हा खो-खोवाल्या पोरींच्या आयांनी वार्मअपला टंगळमंगळ करू देऊ नये.

निवृत्त_फिटर:
बरं, माझ्या बिजागरीचं काय झालं? पिन तर कुठे दिसून नाही राहिली.

फिजिओताई:
पिन नाहीच काका, तीच तर मजा. तुम्हाला आवडेल असं सांगते. मांडीच्या हाडाचं गोल टोक नडगीच्या माथ्यावर चाकासारखं फिरतं. पण चाकाचा परिघ माथ्याच्या लांबीच्या जवळपास दुप्पट. नुसतं फिरत गेलं तर गुडघा पुरा वाकायच्या आत मागून खाली पडेल. म्हणून ते फिरतं आणि त्याच वेळी जागच्या जागी घसरतंसुद्धा, चिखलात स्कूटरचं चाक फिरतं तसं. हे वेबर नावाच्या दोघा जर्मन भावांनी १८३६ मधेच लिहून ठेवलंय. त्यामुळे पिनची जागा एक नाही, गुडघा वाकेल तशी सरकत जाते.

आता याच्यापुढचं. मांडीच्या हाडाला खाली दोन गोळे असतात, त्यातल्या आतल्या गोळ्याचा घासणारा पृष्ठभाग बाहेरच्यापेक्षा लांब. पाय सरळ करत आणला की शेवटच्या वीसेक अंशांत बाहेरच्याचा रस्ता संपतो, आतल्याचा थोडा शिल्लक असतो, मग नडगी थोडी बाहेरच्या अंगाला वळते आणि जोड फिट्ट बसतो. बरणीचं झाकण शेवटी थोडं पिळतो ना, तसं. गुडघा लॉक. सगळे अस्थिबंध ताणलेले, मांडीचे स्नायू सुट्टीवर. म्हणूनच आपण सराफ्याच्या खाऊबाजारात रात्री एक वाजेपर्यंत उभं राहून खाऊ शकतो. पुन्हा वाकवायचा तर कुलूप उघडायला गुडघ्यामागे लवणीत एक छोटा तिकोनी स्नायू आहे, पॉप्लिटियस. कुणाला नावही माहीत नसतं बिचाऱ्याचं.

घरी बघता येतं. खाटेच्या कडेवर बसा, पाय लोंबते. एक टिकली वाटीच्या मधोमध लावा, दुसरी वाटीच्या खाली चार बोटांवर जो हाडाचा उंचवटा लागतो त्याच्यावर. आता पाय हळूहळू पूर्ण सरळ करा. अगदी शेवटी खालची टिकली बाहेरच्या अंगाला सरकलेली दिसेल.

निवृत्त_फिटर:
बिजागरी मागे घेतो. हे मशीन मला कुणी ड्रॉइंगवर दाखवलं असतं तर म्हटलं असतं चालणार नाही, पहिल्या शिफ्टला तुटेल. मिसेसच्या टिकल्या घेऊन बसलोय, सून विचित्र नजरेनं बघून राहिलीय. सरकली!!

जुनी_इंदूर_वैद्य:
सुश्रुतानं १०७ मर्मं सांगितलीत त्यात जानुमर्म, म्हणजे गुडघ्याचं मर्म येतं, जंघा (नडगीचा भाग) आणि ऊरू (मांडी) जिथे मिळतात तिथे, आघात झाला तर ‘खंजता’, म्हणजे लंगडेपण. आणि गुडघ्याच्या एका दुखऱ्या मोठ्या सुजेला नाव दिलंय क्रोष्टुकशीर्ष, कोल्ह्याचं डोकं. पाणी झालेला गुडघा आणि वर-खाली बारीक पडलेला पाय बाजूनं बघा, नाव पटेल. तेलाबद्दल दोन्ही बाजूंनी भांडणं होतात म्हणून सांगतो, तेल चोळल्यानं गुडघ्याला शेक मिळतो, आखडलेले स्नायू सैल होतात, बरं वाटतं. पण तेल कातडीतून जाऊन सांध्यात वंगण म्हणून भरलं जातं असं माझ्या गुरूंनी मला कधी शिकवलं नाही.

भिया_४५२००१:
वैद्यबुवांनी एका पोस्टमधे शेजारच्या काकूंचा धंदा बसवला.
सीरियस प्रश्न: माझा गुडघा उठताना कट्ट वाजतो. संपलो का मी?

फिजिओताई:
दुखत नाही, सुजत नाही, अडकत नाही? मग वाजू दे. वंगणात विरघळलेल्या वायूचा बुडबुडा, नाहीतर एखादी शीर हाडावरून उडी मारते. मधेच अडकून बसला आणि सरळ होईना झाला तर ये, ते फाटलेल्या गादीचं लक्षण असू शकतं.

लष्करची_लेक:
ग्वाल्हेरहून हजेरी. गुडघा म्हटलं की आमच्याकडे अटलजींचा विषय निघणारच. आमच्या गावचे, दोन्ही गुडघे पंतप्रधान असताना बदलले, डावा ऑक्टोबर २००० मधे, उजवा जून २००१ मधे, मुंबईला ब्रीच कँडीत. माझे बाबा तेव्हा रोज पेपरात त्यांच्या तब्येतीची चौकट आधी वाचायचे. पण इंदूरकरांनो, ते करणारे डॉ. चित्तरंजन राणावत तुमच्या एमजीएम मेडिकल कॉलेजचे, माहितीये का?

फिजिओताई:
माहिती म्हणजे काय, आमच्याकडे दर कॉन्फरन्सला निघतो तो विषय. आणि ते नुसते ऑपरेशन करणारे नव्हेत. आज जो कृत्रिम गुडघा बसवतात, मांडीच्या टोकाला धातूची टोपी आणि खाली प्लास्टिकची गादी, त्याचा पूर्वज सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कला घडला, ज्या चमूनं तो घडवला त्यात इन्सॉल आणि वॉकर यांच्याबरोबर राणावत होते.

साबुदाणा_खिचडी:
वा, म्हणजे इंदूरचं नाव तिथेही. पण आईच्या सीढ्यांकडे या ना, उतरतानाच का जास्त?

फिजिओताई:
वाटीमुळे. वाटी म्हणजे रहाटाची कप्पी. मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूची दोरी तिच्यावरून खाली नडगीला जाते, वाटीनं ती दोरी पुढे उचलून धरल्यामुळे स्नायूला तरफ मोठी मिळते. उतरताना मागचा गुडघा वाकत जातो आणि अख्खं शरीर त्या स्नायूच्या ब्रेकवर हळूहळू खाली सोडायचं असतं, वाटी मागे हाडावर दाबली जाते. बर्लिनच्या लोकांनी सेन्सर घातलेले कृत्रिम गुडघे बसवून सांध्यातला भार मोजलाय, २०१० मधे छापून आलं. सपाट चालताना वजनाच्या सुमारे अडीचपट, पायऱ्या चढताना तिपटीच्या थोडा वर, उतरताना साडेतीनपट. ब्रेक मारणारा स्नायू अशक्त असेल तर हा भार धक्क्यानं येतो.

त्यामुळे चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा पाय आधी खाली. काठी घ्यायची तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, बहुतेक जण उलटी धरतात. आणि आईला एकदा ती टिकली लावून बघा. मला एक शंका आहे, उशीवरून.

आजी_नंबर_१:
मी नुसती वाचत होते. नातू दहा महिन्यांचा, दिवसभर फरशीवर गुडघे आपटत रांगतो, त्याला कसं लागत नाही?

फिजिओताई:
आजी, त्याची वाटी अजून हाडाची झालेलीच नाही, मऊ कुर्चा आहे. तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान हाड होतं. रांगू द्या.

साबुदाणा_खिचडी:
केलं! आधी आईला वाटलं मी चेष्टा करतेय. टिकल्या तिच्याच डबीतल्या, मरून रंगाच्या. डावा पाय सरळ केला, शेवटी खालची टिकली सरकन बाहेर. आईनी स्वतः वाकून बघितलं, पुन्हा करून बघितलं, तीन वेळा. मग उजवा. टिकली जागची हललीच नाही. कारण पाय पूर्ण सरळच होत नाही! तिला झोपवून मी गुडघ्याखालून हात घातला तर अंथरूण आणि गुडघा यात माझी चार बोटं आरामात गेली, डाव्या बाजूला कागद जाणार नाही. आम्हाला दोघींनाही हे आजपर्यंत माहीत नव्हतं.

फिजिओताई:
तीच शंका होती. दुखरा, सुजलेला गुडघा थोडा वाकवून ठेवला की पिशवीतला ताण कमी होतो, म्हणून उशीवर बरं वाटतं. पण महिनोन् महिने रात्रभर तसाच राहिला तर मागची बाजू आखडते आणि शेवटचे दहा-पंधरा अंश जातात. मग कुलूप लागतच नाही. आई ओट्यापाशी उभी असते तेव्हा डावा पाय लॉक होऊन आराम करतो, उजव्याचा मांडीचा स्नायू सतत काम करत असतो, आणि वाटी सतत दाबलेली. संध्याकाळी दुखणारच. झीज आहे ती आहे, ती मी पुसू शकत नाही, पण यातलं किती दुखणं झिजेचं आणि किती या अडकलेल्या दहा अंशांचं हे सरळ केल्याशिवाय कळायचं नाही.

आजपासून उशी गुडघ्याखाली नाही. दिवसातून तीनदा पाय लांब करून बसायचं, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा अधांतरी, पाच मिनिटं आपल्या वजनानं खाली येऊ द्यायचा. मग गुंडाळी गुडघ्याखाली घेऊन ती दाबायची, मांडी कडक, दहा आकडे मोजायचे, सोडायचं, दहा वेळा. दुखणं वाढलं किंवा गुडघा गरम लागला तर थांबायचं आणि कुणाला तरी प्रत्यक्ष दाखवायचं, माझ्या पोस्टवर विसंबून नाही. एवढं सगळं लिहिलं तरी मी तो गुडघा हातात घेऊन बघितलेला नाही.

साबुदाणा_खिचडी:
तीन आठवड्यांनी अपडेट. प्रत्यक्ष दाखवून आलो, व्यायाम जवळपास हेच दिले, जोडीला खुर्चीतून हात न टेकता उठायचं. चार बोटांची आता दोन जातात. उतरताना अजून कठडा लागतो पण मधे थांबत नाही, परवा भाजीवाला आमच्याच गल्लीत सापडला. उशीवरून मात्र रोज वाद. रात्री मी काढून ठेवते, सकाळी बघते तर परत गुडघ्याखाली. काल विचारलं तर म्हणाली, ‘मी नाही घेतली, ती आपली आपण सरकून आली, तुझ्या टिकलीसारखी.’